नेता नको, पण जाब कुणाला विचारायचा?

न्यूयॉर्कच्या झुकॉटी पार्कमध्ये १७ सप्टेंबर २०११ रोजी आर्थिक विषमतेविरुद्ध ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’च्या आंदोलकांनी ठाण मांडले. परवान्याशिवाय ध्वनिक्षेपक लावता येत नव्हता. मग बोलणाऱ्याने चार-पाच शब्द उच्चारायचे आणि भोवतालच्यांनी ते एका सुरात पुन्हा म्हणायचे, असे सुरू झाले. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचू लागले. एखाद्याचे म्हणणे मुळीच पटत नसले, तरी त्याचे शब्द इतरांसाठी स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागत. विरोधकाला पुरते ऐकून घेण्याची याहून मोठी शाळा मला माहीत नाही. पटले तर हात वर करून बोटे हलवायची, अजिबात मान्य नसेल तर छातीशी हातांची फुली करायची.

तिथे कुणी अध्यक्ष नव्हता. पण लाखो डॉलरच्या देणग्या जमल्या, ढोलांच्या आवाजाने शेजारी वैतागले, आणि पैसे कुणी खर्चायचे, ढोल थांबवा असे कुणी सांगायचे, हे प्रश्न उभे राहिले. सभा तासन्‌तास चालत. ज्याला सकाळी कामावर जायचे आहे, जिला घरी मूल सांभाळायचे आहे, त्यांनी किती वेळ बसायचे? जो शेवटपर्यंत थांबू शकतो, त्याचे मत आपोआप जड होते. १५ नोव्हेंबरला मध्यरात्रीनंतर पोलिसांनी तळ उठवला. हा पेच मात्र त्याआधीच उभा होता.

अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीच्या अनुभवातून कार्यकर्त्या जो फ्रीमन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बजावले होते की, रचना नाकारल्याने सत्ता नाहीशी होत नाही, ती मैत्रीच्या कोंडाळ्यात जाऊन बसते. जे पद कुणी दिलेच नाही, ते काढून तरी कसे घ्यायचे?

मेक्सिकोतल्या चियापासमध्ये झापातिस्ता बंडखोरांनी वेगळी वाट धरली. २००३ साली त्यांनी ‘सुशासन मंडळे’ नेमली. गावसभांनी निवडलेले शेतकरी स्त्री-पुरुष पाळीपाळीने, बिनपगारी कारभार पाहत आणि मुदत संपली की शेतावर परतत. २०२३ मध्ये तीही मंडळे मोडून त्यांनी कारभार गावपातळीवर नेला. नेता नाही, पण जबाबदार माणूस आहे आणि तो बदलता येतो. स्वायत्तता म्हणतात ती मला हीच वाटते.

आपली गृहनिर्माण संस्था असो, वाचनालय असो की मोर्चा, ‘इथे सगळे सारखेच’ असे कुणी म्हणाले, तर पैसे कुणाकडे आहेत आणि हिशेब कधी मिळेल, हे त्याच बैठकीत विचारा.