संयोगाचा आकडा

चिक्कडपल्लीतील आमच्या गल्लीचा गणपती गतवर्षी अनंत चतुर्दशीस दोनचाकी ट्रॉलीवर बसवून, वीस वर्षे राबलेल्या एका बोलेरोच्या मागे जोडून, इंदिरा पार्कावरून हुसेनसागरास न्यावयाचा ठरला, तेव्हा गाडीस आकडा कोणता बसवावा यावरून मंडळींत जो वाद माजला, तो ऐकून एखाद्या नैयायिकानेही कान टवकारले असते. वेल्डिंगवाला म्हणे, आकडा चासीला कायमचा जडवून टाकावा. बोलेरोचे मालक म्हणत, जुन्या लोखंडास आणखी आच नको, बोल्टांनी चौकोनी नळी आवळावी आणि पन्नास मिलिमीटरचा गोळा तीत खिळीने अडकवावा, म्हणजे काम सरताच तो काढून घेण्याची मुभा राहील.

सतराव्या शतकात तेलुगू देशीच्या अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’त हा निवाडा केव्हाच करून ठेवला आहे: तंतूंशी वस्त्राचा असतो तो नित्य समवाय, आणि विभागाने नाश पावतो तो संयोग, चोवीस गुणांपैकी केवळ एक. या दंडकाने वेल्डिंगही संयोगच. सोडवावयास करवत लागते, इतकाच फरक!

मला मालकांची तजवीज पटली. गोळ्यावर ट्रॉलीचे तोंड मोकळे फिरते म्हणूनच ती वळणावर वळते. एकूण ओझ्याचा सुमारे दशांश त्या गोळ्यावर पडावा लागतो, मूर्ती आसाच्या मागे सरकली की ट्रॉली डुलू लागते. आणि आकडा कितीही मातब्बर असला तरी गंजलेल्या चासीच्या कुवतीबाहेर त्याचा अंमल चालत नाही. खाली फुलीसारख्या बांधलेल्या दोन साखळ्या, त्या जामीन.

परंतु खरी अडचण पुढेच होती. सर्व मूर्त द्रव्यांशी संयोग हेच जर विभुत्वाचे, म्हणजे सर्वव्यापी असण्याचे, लक्षण, आणि ईश्वर तर विभू, तर ईश्वराचा मातीशी संयोग आवाहनापूर्वीही होता व विसर्जनानंतरही राहणार. मग प्राणप्रतिष्ठेने जोडले काय आणि जलात सोडले काय? पुष्कळ विचारांती मला वाटते, आवाहनाचा आकडा देवास नव्हे, आपल्याच चासीस बसवलेला असतो. दहा दिवस चित्त त्या मूर्तीमागे ओढले जाते, आणि अकराव्या दिवशी खिळी उपसली जाते ती आपली. समवायाची हाव धरणाऱ्या भक्तास हे उणे वाटेल. मला वाटत नाही.

रात्री रिकामी ट्रॉली गल्लीभर खडखडत परतली. मालकांनी गोळा उपसला, ग्रीस चोपडून फडक्यात गुंडाळला, आणि पुढल्या भाद्रपदापर्यंत देवघरात समईशेजारी ठेवून दिला.