पूर्वतयारी आणि अधिकार

विद्यापीठप्रवेशाच्या पूर्वतयारी-वर्गात नाव नोंदवताना शुल्क व वेळापत्रक पाहिले जाते. परंतु ज्ञानग्रहणाची पात्रता, म्हणजेच दर्शनांच्या परिभाषेतील ‘अधिकार’, कशाने येते, हा मूळ प्रश्न मागे पडतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी ब्रह्मजिज्ञासेसाठी साधनचतुष्टय आवश्यक मानले: नित्यानित्याचा विवेक, ऐहिक-पारलौकिक भोगांविषयी वैराग्य, शमदमादी म्हणजे मन व इंद्रियांच्या संयमासारखे गुण आणि मुमुक्षुत्व, अर्थात मोक्षाची तळमळ. ही चारही साधने प्रयत्नाने जोपासता येतात; तरीही त्याच भाष्यातील अपशूद्राधिकरणात शूद्रांना वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला गेला, आणि आंतरिक योग्यतेचे तत्त्व जन्माच्या अटीपाशी अडले. आज पूर्वतयारीचे शुल्क हीच अट ठरत असेल, तर तो जुनाच अन्याय होय. पूर्वतयारी पात्रता घडवण्यासाठी असावी, वगळण्यासाठी नव्हे.