सकळ लिपी आणि राजाज्ञा

आपल्या पंथाचे अनेक ग्रंथ सकळ लिपीत लिहिले गेले, हे वाचकांस विदित आहेच. अक्षरांची अदलाबदल करून रचलेली ही लिपी, किल्ली नसणाऱ्यास निरर्थक भासे. आज व्हॉट्सॲपसारख्या सेवा हेच तत्त्व योजितात. संदेश गूढ होऊन जातो आणि त्याची किल्ली केवळ पाठविणारा व घेणारा यांच्याच यंत्रांत राहते. २०२१च्या नियमांनी शासनाने संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्याची अट घातली. त्याच वर्षी कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. गूढता मोडावी लागल्यास भारत सोडावा लागेल, असे तिच्या वकिलांनी एप्रिल २०२४मध्ये सांगितले.

येथे शंका अशी की, राजापासून लपविणे हे कपट नव्हे काय? त्याचे समाधान असे : असत्य सांगणे निराळे आणि अनधिकाऱ्यास न सांगणे निराळे. पहिल्यात दुसऱ्याची वंचना आहे, दुसऱ्यात वस्तूचे रक्षण आहे.

पोहरादेवीस जमणाऱ्या बंजारा समाजाची गणना महाराष्ट्रात विमुक्त जातींत होते. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींवर केवळ जन्मावरून पाळत ठेवली. तो कायदा १९५२मध्ये रद्द झाला. अपराध पाहण्याआधीच सर्वांवर संशय धरणारी सत्ता कशी असते, हे त्यावरून कळते.

दुसरी शंका याहून कठीण आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांचा जीव घेतला. अशा अफवा फोनवरूनच पसरत होत्या. भिक्षेस जाणाऱ्या साधूने हे कसे विसरावे? मग मूळ प्रेषक शोधू नये काय?

अवश्य शोधावा. शासनाची अटही गंभीर गुन्ह्यांपुरती व आदेशानेच लागू होणारी आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु उद्या कोणाचा माग काढावा लागेल हे आज ठाऊक नसते. म्हणून एकाचा माग लागावा यासाठी सर्वांच्याच संदेशांवर खूण ठेवावी लागते. शिवाय राईनपाड्यास मारणारे हात गुप्त नव्हते. ते उघड्यावर उठले, आणि ऐकीव शब्द न तपासता उठले.

म्हणून गुप्ततेचा पक्ष घेणाऱ्यावर अधिक भार येतो. राजा वाचू शकत नाही, असा शब्द पुढे पाठविताना तपासणारा आपणच उरतो. लिपी शब्दाचे रक्षण करील, पण त्या शब्दाने घडलेल्या हिंसेचा दोष झाकणार नाही. सुज्ञांनी विचार करावा.