फी भरून मिळालेला आपलेपणा

वाचकहो, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी जिममध्ये नाव घालणाऱ्या माणसाकडे लोक दोन दृष्टींनी पाहतात. काहींना तो शहाणा वाटतो आणि काहींना त्याचे हसू येते. माझ्या वाट्याला दुसरा वर्ग अधिक आला. आमच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तर उपासनेनंतर मला बाजूला घेऊन गंभीरपणे विचारले, "तुम्ही, आणि जिममध्ये? पौलाने काय लिहिले आहे ते आम्ही तुम्हांला सांगावे काय?"

पौलाने काय लिहिले आहे ते मला सांगण्याची खरोखरच गरज नव्हती. पवित्र शास्त्राचे भाषांतर हा माझा व्यवसाय आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात शारीरिक कसरतीविषयी जे वाक्य आहे, त्यात 'गुम्नासिया' हा ग्रीक शब्द येतो. आजच्या 'जिम' या शब्दाचे मूळ तेथेच आहे. नव्या करारात हे नाम त्या एकाच ठिकाणी आढळते. त्या कसरतीच्या उपयोगाला 'प्रोस ओलिगोन' असे शब्द जोडलेले आहेत. त्यांचा अर्थ 'थोड्या प्रमाणात' असा घ्यावा की 'थोड्या काळापुरता' असा? याकोबाच्या पत्रात मनुष्याच्या आयुष्याला क्षणभर दिसणाऱ्या वाफेची उपमा दिली आहे, तेथे हेच दोन शब्द निश्चितपणे काळाविषयी आहेत. १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरकारांनी एक अर्थ मजकुरात ठेवला आणि दुसरा समासात टिपला. पौल येथे व्यायामाची निंदा करीत नाही. आखाड्यात घाम गाळणाऱ्याची चिकाटी त्याला ठाऊक आहे आणि भक्तीसाठी तो तीच मागतो. हे सारे मला पाठ होते. शारीरिक कसरतीचा उपयोग थोडा की थोड्या काळापुरता, याचा निर्णय करण्यात मी एक संपूर्ण दुपार खुर्चीवर बसून घालवली होती, आणि उठताना टेबलाच्या कडेचा आधार घ्यावा लागला होता. पुढे रक्ततपासणीत मधुमेह निघाला, तेव्हा डॉक्टरांनी माझ्या व्यवसायाचे नाव ऐकून एवढेच विचारले, "म्हणजे दिवसाचे किती तास बसता?"

ख्रिस्ती लोकांनी व्यायामाशी कधी संबंधच ठेवला नाही, असेही नाही. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात व्यायामाच्या तासाला कंटाळलेला अठरा तरुणांचा एक वर्ग होता. आधीच्या शिक्षकांनी त्या वर्गापुढे हात टेकले होते. तो जेम्स नेस्मिथ यांच्याकडे आला, आणि त्यांनी तेरा नियम लिहून बास्केटबॉल हा खेळ तयार केला. नेस्मिथ हे ईश्वरविज्ञानाचे पदवीधर होते, हे आमच्या त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना सांगताना मला थोडासा आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. आपल्या देशात मद्रास येथे १९२० साली हॅरी क्रो बक यांनी वाय. एम. सी. ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले, ते आजही चालू आहे.

परंतु मला लिहायचे आहे ते व्यायाम करावा की नाही, याविषयी नाही. त्या जागी मला जो आपलेपणा मिळाला, त्याचे स्वरूप काय, याविषयी आहे.

मी बेंगळुरूमध्ये राहतो. आमच्या वस्तीत औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर एक हॉल आहे. तेथे पहाटे सहाच्या बॅचला अठरा-वीस माणसे जमतात. एकेकट्याने यंत्रांवर व्यायाम करण्याची ती जागा नव्हे. सर्वांनी एकाच वेळी, एकाच शिक्षकाच्या आज्ञेनुसार पाऊण तास व्यायाम करायचा अशी तेथील पद्धत आहे. फळ्यावर त्या दिवसाचा क्रम लिहिलेला असतो आणि शेजारी सभासदांची नावे. कन्नड, तमिळ, हिंदी, इंग्रजी अशा सर्व भाषा तेथे चालतात; मराठी मात्र माझी एकट्याची, आणि ती केवळ कण्हण्यासाठी.

पहिल्या दिवशी मी चौथ्या मिनिटाला खाली बसलो. आता हसू ऐकू येईल, म्हणून मी मान खाली घातली. हसले कोणीच नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई स्वतःचा व्यायाम थांबवून एक उंच लाकडी पेटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हिच्यावर बसून उठा. मीसुद्धा दोन महिने असेच केले." नेमून दिलेल्या बैठका इतरांनी केव्हाच संपवल्या होत्या, तरी कोणी चटई गुंडाळीना. शेवटचा माणूस थांबेपर्यंत चटई गुंडाळायची नाही, असा तेथे एक अलिखित नियम आहे, हे मला नंतर कळले. त्या दिवशी अठरा अनोळखी माणसे माझ्यासाठी उभी राहिली. मंडळीत तीस वर्षे वावरलेल्या मला हे इतके अनपेक्षित का वाटावे, हा प्रश्न जिना उतरतानाच माझ्या मनात आला होता.

पुढे ओळखी झाल्यावर मी एकेकाला विचारले, तुम्ही येथे का आलात? आरंभी बहुतेकांनी वजन आणि पाठदुखी सांगितली. जरा थांबल्यावर निराळी उत्तरे आली. त्या बँकेतील बाई म्हणाल्या की, पती गेल्यानंतर अमुक वेळी अमुक ठिकाणी आपली कोणी वाट पाहत आहे, असे काही उरले नव्हते. संगणकक्षेत्रातील एक तरुण म्हणाला की, कामावर त्याचा चेहरा म्हणजे पडद्यावरचा एक चौकोन असतो. दोन लहान मुलांची आई असलेली एक स्त्री हसून म्हणाली, "ह्या पाऊण तासात मला कोणी 'अम्मा' म्हणून हाक मारत नाही." सर्वांनाच ते मानवते असेही नाही. माझ्याबरोबरच आलेली एक तरुणी आठवड्याभरात सोडून गेली. सगळे आपल्याकडे पाहत आहेत, आपण पुन्हा शाळेच्या कवायतीत उभ्या आहोत, असे तिला वाटे.

याला शास्त्राचाही आधार आहे. १८९८ साली नॉर्मन ट्रिपलेट या अमेरिकन अभ्यासकाने मुलांना मासेमारीच्या गळाचे रीळ आधी एकट्याने आणि मग दुसऱ्याच्या सोबतीने फिरवायला लावले. चाळीस मुलांपैकी निम्म्यांचा वेग सोबतीने वाढला, दहांचे काम उलट बिघडले आणि दहांवर काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे ती तरुणी त्या दुसऱ्या दहांतील होती. तिला कोणी आळशी म्हणू नये. पुढे १९२०च्या दशकात जर्मनीत ओटो कोहलर यांनी नौकानयन करणाऱ्यांवर प्रयोग केले. त्यांत असे दिसले की, जोडीने वजन उचलताना जोडीतील दुबळा माणूस एकट्याने जितका टिकतो त्याहून अधिक वेळ टिकतो. मात्र दोघांच्या शक्तीत फार मोठे अंतर असता कामा नये.

माझा जोडीदार चाळिशीतील एक गृहस्थ होता. आम्ही समोरासमोर उभे राहत असू. माझ्या बैठका तो मोजी. मी दहावर थांबलो की तो म्हणे, "सर, बारा झाल्याशिवाय आकडा सांगणार नाही."

येथे मला माझ्या बालपणाविषयी थोडे सांगावे लागेल. मी अहमदनगरात (आताच्या अहिल्यानगरात) वाढलो. आमच्या घराजवळ एक तालीम होती. तेथे फी नव्हती. लाल माती होती, वस्ताद होते आणि कोनाड्यात मारुती होता. पहिला नमस्कार त्याला करूनच मातीत उतरायचे, अशी रीत. आम्ही ख्रिस्ती मुले उंबऱ्याशी उभे राहून कुस्ती पाहत असू. आम्हांला कोणी हाकलले नाही आणि आत येण्यासही कोणी म्हटले नाही. बेंगळुरूच्या त्या हॉलमध्ये मला कोणी आडनाव विचारले नाही, धर्म विचारला नाही, मूळ गाव विचारले नाही. तीन महिन्यांचे सहा हजार रुपये भरले आणि बोटाचा ठसा दिला, एवढ्यावर दार उघडले. पैसा माणसांना जुन्या बंधनांतून सोडवतो, असे जर्मन तत्त्वचिंतक गेओर्ग झिमेल यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले आहे. त्या उंबऱ्यावर उभ्या राहिलेल्या मुलाला ते पटावे यात नवल नाही.

पण एका सोमवारी माझा जोडीदार आला नाही. तिसऱ्या दिवशी शिक्षकाने त्याला फोन केला. तीन दिवस गैरहजर राहणाऱ्याला फोन करणे हा तेथील शिरस्ता आहे. त्याची नोकरी गेली होती. पुढच्या तिमाहीची फी त्याने भरली नाही. दोन आठवड्यांनी फळ्यावरून त्याचे नाव पुसले गेले आणि दारावरच्या यंत्रातून त्याचा ठसाही काढला गेला. त्याविषयी बॅचमध्ये कोणी काही बोलले नाही. मी मालकाशी बोललो. मनुष्य वाईट नाही. तो म्हणाला, "सर, हॉलचे भाडे मला कोण माफ करतो?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

वाचकहो, मग चटई न गुंडाळता उभी राहिलेली ती अठरा माणसे काय होती? विकत घेतलेला आपलेपणा आणि खरा आपलेपणा यांत भेद कोठे करायचा? ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगासाठी केलेली, सुखासाठी केलेली आणि त्या माणसाच्या चांगुलपणासाठी केलेली. उपयोग संपला की पहिली विरते. तरीही पहिल्या दोन प्रकारांना तो मैत्री म्हणण्याचे नाकारत नाही. तिसरीशी त्यांचे काही साम्य आहे, असे तो मानतो. हे साम्य नेमके कोठे आहे, हे मला पुस्तकातून कधी नीट उमगले नव्हते.

जिमला दोष देणे सोपे आहे. आपण आपल्याकडेही पाहावे. आपल्या दारावर बोटाचा ठसा घेत नाहीत, हे खरे. परंतु मी पाहिलेल्या काही मंडळ्यांत वर्गणी थकली की मतदारयादीतून नाव जाते, आणि मागच्या बाकावर बसणारा माणूस तीन रविवार आला नाही तर चौथ्या रविवारी त्याच्या जागी दुसरा बसतो. तीन दिवसांनी फोन करण्याचा शिरस्ता आपल्यात किती ठिकाणी आहे? कोणाला त्यासाठी पगार नाही म्हणून तो नसावा, असा विचार मनात आला आणि मी तो झटकून टाकला. मग पुन्हा आला.

आणि माझे काय? माझ्याजवळ त्या गृहस्थाचा नंबर होता. मी पाच आठवडे त्याला फोन केला नाही. त्याला अवघडल्यासारखे होईल, असे कारण मी स्वतःला देत राहिलो. ते कारण पुरते खोटे नव्हते. सोयीचे मात्र नक्कीच होते. त्या पाच आठवड्यांत मी नवा जोडीदार घेतला आणि माझ्या बैठका पंधरापर्यंत गेल्या.

शेवटी तो मला वस्तीतल्या उद्यानात भेटला. सिमेंटच्या बाकावर हात टेकून तो एकटाच दंड घालीत होता. मी क्षमा मागण्यासाठी शब्द जुळवीत होतो, तोच त्याने विचारले, "सर, आता किती होतात?" मी आकडा सांगितला. तो मनापासून हसला. मग मी त्याला तोच प्रश्न विचारला जो आपणांस विचारला आहे: तो फोन, ती माणसे, ते सारे फीपुरतेच होते काय?

तो थोडा वेळ विचार करून म्हणाला (आमचे बोलणे हिंदीत चालले होते), "त्या मुलाला पगार मिळतो म्हणून त्याने फोन केला, ते मला माहीत आहे. पण माझ्या आईच्या डोळ्याचे ऑपरेशन कसे झाले, हे त्याने विचारले. ते त्याच्या यादीत नसणार." मग किंचित थांबून तो म्हणाला, "बाकी कोणाचा फोन आला नाही."

तो मला उद्देशून बोलला की सर्वांना, हे मी विचारले नाही. मालकाला मी पुन्हा भेटलो. महिन्यातून एक दिवस कोणालाही फीशिवाय येऊ द्यावे, एवढे त्याने मान्य केले आहे. ते अद्याप सुरू व्हायचे आहे. मंगळवारी आणि गुरुवारी मी हॉलमध्ये न जाता उद्यानात जातो. बँकेतील त्या बाईही परवापासून येऊ लागल्या आहेत. येताना त्यांनी आपली चटई आणली होती. ती त्यांनी माझ्या बैठका संपेपर्यंत गुंडाळली नाही. त्या दिवशी मी सतरावर थांबलो. आकडा त्याने सांगितला नाही.