ठिणगीचा हिशेब

आगगाडीच्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांनी लोहमार्गाकाठचे रान पेटते, रानाच्या मालकाचे नुकसान होते, आणि तरीही रेल्वे कंपनीच्या कीर्द-खतावणीत त्या नुकसानीची एक ओळही पडत नाही, ही गोष्ट इंग्लंडातील जमीनदारांना आणि त्यांच्या वकिलांना पुष्कळ वर्षे ठाऊक होती. परंतु तिच्यात अर्थशास्त्राचा एक मोठा सिद्धान्त दडलेला आहे हे केंब्रिजचे प्राध्यापक आर्थर सेसिल पिगू यांनी ओळखले, आणि १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात त्याची मांडणी केली. ठिणगीच्या जोडीला त्यांनी धूर घेतला. मोठ्या शहरांतील धुरांड्यांचा धूर इमारतींची झीज करतो, भाजीपाला खराब करतो, कपडे पुन्हा धुवायला लावतो, खोल्या पुन्हा झाडायला लावतो आणि दिवाबत्तीचा खर्च वाढवितो. हा सारा खर्च खरा असतो, कोणीतरी तो आपल्या मिळकतीतून किंवा आपल्या हातांच्या कष्टांतून भागवीतच असतो, फक्त ज्याने धूर सोडला त्याच्या वहीत तो चढत नाही. ही तफावत सरकारने कर बसवून भरून काढावी, असे पिगूंचे म्हणणे. आज ज्याला ‘कार्बनची किंमत’ म्हणतात त्या कल्पनेचे मूळ येथे आहे, आणि हे विसरता कामा नये की ती जन्मली तेव्हा तिचे स्वरूप एका दाव्याचे होते: नुकसान सोसणाऱ्या समाजाने नुकसान करणाऱ्यावर लावलेल्या दाव्याचे.

त्या वेळेपर्यंत या धुराच्या अदृश्य भागाचे विज्ञानही तयार होते. जॉन टिंडल यांनी १८५९ साली प्रयोगाने दाखविले होते की हवेतील काही वायू उष्णता अडवून धरतात. स्वीडनच्या स्वांते आऱ्हेनिअस यांनी १८९६ साली, हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचे गणित हाताने करून ठेवले होते. पण पिगूंच्या धुरात काजळी होती, आऱ्हेनिअस यांचा वायू नव्हता. आणि आऱ्हेनिअस यांच्या गणितात वायू होता, पण त्याचा खर्च कोणाच्या नावे टाकावयाचा हा प्रश्न नव्हता. दोन विद्या शेजारी शेजारी वाढल्या आणि जवळजवळ अर्धशतक त्यांची गाठ पडली नाही.

मध्यंतरी, १९५० साली, जर्मनीत जन्मलेल्या के. विल्यम काप यांनी पिगूंच्या पुढचे एक पाऊल टाकले. खासगी उद्योगाचा सामाजिक खर्च हा काही अपघाताने राहून गेलेला अपवाद नाही. आपला खर्च शक्य तेवढा दुसऱ्याच्या गळ्यात घालणे हे नफ्यावर चालणाऱ्या व्यवस्थेच्या स्वभावातच आहे, असे त्यांनी बजावले. अर्थशास्त्राच्या मुख्य प्रवाहाने काप यांना फारसे मनावर घेतले नाही. माझ्या मते ही त्या शास्त्राची मोठी चूक होती.

प्रवाह वळला तो दुसऱ्याच एका विद्वानाच्या लेखाने. रोनाल्ड कोस यांनी १९६० साली पिगूंची तीच ठिणगी पुन्हा हाती घेतली आणि कायद्याची दफ्तरे चाळून दाखविले की पार्लमेंटच्या अनुज्ञेने धावणाऱ्या रेल्वेला ठिणग्यांच्या नुकसानीबद्दल सहसा जबाबदार धरताच येत नसे. म्हणजे जी सूट पिगूंना बाजाराचा दोष वाटली, ती वस्तुतः कायदेमंडळाने बहाल केलेली होती. कोस यांच्या लेखातील हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. धूर फुकट सोडण्याचा अधिकार हा निसर्गदत्त नाही. ते कोणीतरी, केव्हातरी दिलेले इनाम आहे, आणि दिलेले इनाम परतही घेता येते. परंतु जगाने उचलला तो लेखाचा दुसरा भाग: नुकसान नेहमी दुहेरी असते, रानाला आगीपासून वाचवावे तर रेल्वेला तोशीस लागते, म्हणून अधिकार कोणाचा हे एकदा स्पष्ट झाले आणि वाटाघाटींना खर्च पडत नसला, तर उभय पक्ष परस्परांत सौदा करून सर्वांत कमी खर्चाच्या तोडग्यावर येतील. प्रत्यक्षात वाटाघाटींना खर्च पडतोच, तो पुष्कळदा एवढा असतो की सौदाच होत नाही, हे कोस यांनी स्वतः निक्षून सांगितले होते. त्यांच्या अनुयायांनी मात्र ती अट मागे ठेवली आणि सौदा तेवढा पुढे नेला. जो मनुष्य अजून शंभर वर्षांनी सुंदरबनातील एखाद्या बेटावर जन्मावयाचा आहे, तो आजच्या तेल कंपनीशी वाटाघाटी करण्यास कोणत्या कचेरीत हजर होणार? अधिकाराची विभागणी करताना त्याचे मुखत्यारपत्र कोणाकडे होते?

सौद्याच्या या कल्पनेतून धूर सोडण्याच्या परवान्यांचा बाजार निघाला. टोरोंटोचे जॉन डेल्स यांनी १९६८ साली तो सुचविला, आणि अमेरिकेने १९९० च्या हवाशुद्धीच्या कायद्याने आम्लवर्षा घडविणाऱ्या गंधकाच्या वायूसाठी तो अमलात आणला. तेथे तो यशस्वी झाला. वायूचे उत्सर्जन घटले, आणि कारखानदारांनी जी भीती घातली होती तिच्या मानाने खर्चही पुष्कळ कमी आला. त्या यशाचे श्रेय बाजाराला देण्याची प्रथा पडली आहे. पण क्रम नीट पाहिला तर दिसते की एकूण धूर किती सहन करावयाचा याची मर्यादा प्रथम कायदेमंडळाने ठरविली, आणि त्या मर्यादेच्या आत कोणी किती सोडावयाचा एवढेच बाजाराकडे सोपविले. किंमत त्या निर्णयाची चाकरी करीत होती. हवामानाच्या प्रश्नात हा क्रम उलटला, आणि पुढची सारी दिरंगाई या उलट्या क्रमातून आली, असे मला वाटते.

तो आपोआप उलटला नाही. एक्झॉन कंपनीचे शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९७७ साली आपल्या वरिष्ठ व्यवस्थापकांना सांगितले होते की जीवाश्म इंधनांच्या ज्वलनाने पृथ्वीचे हवामान बदलत आहे. पुढील काही वर्षांत कंपनीने स्वतःची भाकिते तयार केली, आणि ती किती अचूक होती हे आता सर्वविदित आहे. हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी १९८८ च्या जूनमध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे पृथ्वी तापत असल्याची साक्ष दिली, आणि दुसऱ्याच वर्षी तेल, कोळसा व मोटार धंद्यांतील कंपन्यांनी ‘ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन’ नावाची आघाडी उभारली. हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया नाकारता येत नाही, असे या आघाडीच्या स्वतःच्या तज्ज्ञांनी १९९५ मध्ये लिहून दिले होते. तरी बाहेर शंकेचाच प्रचार चालू राहिला. परंतु शंकेपेक्षा प्रभावी साधन हिशेबाचे ठरले. तेल उद्योगाच्या पैशाने तयार झालेल्या आर्थिक अभ्यासांत उत्सर्जन कमी करण्याचा खर्च तपशीलवार मांडला जाई, आणि टळणाऱ्या हानीचा रकाना रिकामा राही. १९९७ साली, क्योटोच्या हवामान परिषदेला काही महिने असताना, अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला की विकसनशील देशांना वगळणारा किंवा अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेला गंभीर इजा पोहोचविणारा करार आपण करू नये. समाजाचा दावा म्हणून जन्मलेली कल्पना सत्तर-ऐंशी वर्षांत प्रतिवादीची कैफियत होऊन बसली.

या कंपन्यांतील माणसे दुष्ट होती असे मी म्हणत नाही. ज्याला दर तिमाहीस भागधारकांपुढे हिशेब ठेवावयाचा आहे त्याच्या डोळ्यांपुढे शतक उभे राहणे कठीण असते, आणि काप यांनी सांगितलेला व्यवस्थेचा स्वभाव तो हाच. मात्र हाच स्वभाव पुढे शास्त्राच्या गणितातही शिरला. भविष्यातील नुकसानीची आजची किंमत काढताना अर्थशास्त्री व्याजाच्या दराने वजावाट करतात. शंभर वर्षांनंतरचे १००० रुपयांचे नुकसान १.४ टक्के दराने आज सुमारे २५० रुपयांचे ठरते, आणि ५ टक्के दराने अवघ्या साडेसात रुपयांचे. निकोलस स्टर्न यांनी हवामानबदलाच्या अर्थशास्त्रावरील २००६ च्या अहवालात पहिल्या दराच्या आसपास राहून तातडीने पावले उचलण्याचा निष्कर्ष काढला. विल्यम नॉर्डहाउस यांनी बाजारातील परताव्याच्या जवळचा, बराच चढा दर घेऊन, कर सावकाश चढवीत नेण्याचा सल्ला दिला. नॉर्डहाउस यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की दोन अंशांवरील तापमानवाढीचा धोका सत्तरच्या दशकात प्रथम मांडणाऱ्यांत ते होते, आणि कराचा पुरस्कार त्यांनी कधी सोडला नाही. परंतु राजधान्यांतून त्यांच्या सल्ल्यातील ‘सावकाश’ हा शब्द तेवढा स्वीकारला गेला. केंब्रिजच्या फ्रँक रॅम्सी या तरुण गणितज्ञाने १९२८ सालीच बजावले होते की केवळ पुढे जन्मणार म्हणून कोणाचे सुख कमी लेखणे नीतीच्या दृष्टीने समर्थनीय नाही. साडेसात रुपयांचा तो आकडा पाहिला की रॅम्सींचे म्हणणे मला कोणत्याही आर्थिक प्रतिमानाहून अधिक पटते.

युरोपने २००५ साली कार्बनच्या परवान्यांचा बाजार सुरू केला, पण परवाने फुकट आणि गरजेहून अधिक वाटले. २००७ मध्ये त्यांची किंमत जवळजवळ शून्यावर आली, आणि काही वीज कंपन्यांनी तर फुकट मिळालेल्या परवान्यांची किंमत ग्राहकांच्या बिलांत लावून नफा कमावला. पुढे परवान्यांची मर्यादा आवळली गेली तेव्हाच त्या बाजाराला अर्थ आला.

आपल्या देशात पिगूंचा कर २०१० साली आला: कोळशाच्या प्रत्येक टनामागे ५० रुपये उपकर, आणि त्या पैशातून स्वच्छ ऊर्जेसाठी निधी. तो २०१४ मध्ये १०० रुपये, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. कोळशावरच बहुतांश वीज काढणाऱ्या देशाने एवढी मजल मारावी ही साधी गोष्ट नव्हती, आणि मला तिचा अभिमान वाटला होता. परंतु निधीतील पुष्कळसा पैसा खर्ची पडलाच नाही. आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराची व्यवस्था आली तेव्हा राज्यांच्या महसुलात येणाऱ्या तुटीची भरपाई करण्याकडे तो उपकर वळविण्यात आला. राज्यांची गरज खोटी नव्हती. पण टनामागचे ४०० रुपये वसूल होत राहिले आणि ज्या दाव्यापोटी ते बसविले होते तो दावा मात्र दप्तरी दाखल झाला. तिकडे चंद्रपूर-घुग्घुसच्या पट्ट्यात, खाणी आणि औष्णिक वीजकेंद्राच्या आसऱ्याने राहणाऱ्या वस्त्यांत, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ बसते, आणि घरातील बाई ते उतरवून, पुन्हा पाणी भरून, पुन्हा धुवायला घेते.