झिऱ्याचे पाणी

सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की आमच्या वर्धा जिल्ह्यात नवतपा लागतो. मे महिन्याची २५ तारीख उजाडली की पुढचे नऊ दिवस मनुष्याने घराबाहेर पडू नये, असा जाणत्यांचा दंडक. पारा ४५-४६ अंशांवर चढतो, दुपारी रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. ज्यांच्या गाठीला पैसा आहे ते चिखलदऱ्यास जातात. बाकीचे ओल्या पंचाने डोके बांधून घरात पडून राहतात. आणि ज्यांना पडून राहणेही परवडत नाही, ते कामावर जातात.

शास्त्रकारांनी ताप तीन सांगितले. आपल्याच देहामनातून उठतो तो आध्यात्मिक, दुसऱ्या प्राण्यांपासून होतो तो आधिभौतिक, आणि ऊन, थंडी, पाऊस यांचा तो आधिदैविक. हा विषय आम्ही कीर्तनात पुष्कळ वेळा रंगवून मांडला आहे. पण पहिला ताप अंगात घेऊन तिसऱ्यापासून पळू गेले म्हणजे काय होते, ते आम्ही शिकलो २०१५ साली. ते आज सांगतो.

त्या वर्षी निर्जळा एकादशी २९ मे रोजी, म्हणजे ऐन नवतप्यात आली. देशात उष्णतेची मोठी लाट होती. आंध्र आणि तेलंगण धरून दोन हजारांहून अधिक माणसे त्या उन्हाने गेली. वर्तमानपत्रात ते रोज येत होते, आम्ही वाचतही होतो. तरी आमच्या मंडळींनी टूम काढली की, गावात होरपळण्यापेक्षा एकादशीचा दिवस डोंगरावर रानात घालवू. सेलू तालुक्यात बोरधरणाकडे डोंगररांग आहे. बोर अभयारण्य १९७० साली झाले आणि २०१४ साली त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, त्यामुळे आतल्या रानात मनास येईल तसे पायी हिंडता येत नाही. आम्ही निवडली ती टेकडी त्या हद्दीबाहेरची. वर महादेवाचे ठाणे आहे. वारकऱ्याने एकादशीस महादेवाकडे कसे जावे, असे कोणी पुसेल. आमचा पांडुरंगच मस्तकी शिवलिंग धरून उभा आहे, तेव्हा तो प्रश्न आम्हांस पडत नाही.

डोंगर म्हटला की थंडावा, ही आमची समजूत. ती अर्धीच खरी. हजार मीटर वर गेले तर हवा साधारण सहा अंशांनी उतरते. चिखलदरा अकराशे मीटरांच्या वर आहे म्हणून तेथे सुख वाटते. आमच्या सेलूकडच्या टेकड्यांना ती उंची कोठली! आणि रान म्हणजे सावली, हीही तशीच समजूत. आमचे रान बहुतेक सागाचे. साग उन्हाळ्यात पाने टाकून देतो. पाणी वाचवायचे तर पान ठेवून चालत नाही, हा त्या झाडाचा शहाणपणा. पायांखाली वाळक्या पानांचा कुरकुर आवाज, वर नुसत्या काड्या आणि त्यांतून सरळ अंगावर येणारे ऊन. खालचा काळा पाषाण सकाळी नऊलाच तव्यासारखा तापला होता.

पहाटे चारला निघायचे ठरले होते. आमची पूजा लांबली आणि निघण्यास सात वाजले. हा दोष सर्वस्वी आमचाच. मंडळी आमच्यासाठी ओट्यावर बसून राहिली होती.

आमच्यात एक सत्तरी ओलांडलेले टाळकरी होते. सगळे त्यांना आबाजी म्हणत. निम्मी चढण झाल्यावर ते एका दगडावर टेकले आणि म्हणाले, "महाराज, घसा सुकला. घोटभर घेऊ काय?" एका मुलाच्या पिशवीत पाण्याची बाटली होती. आम्ही काय म्हणालो, ते लिहिताना आजही लेखणी अडखळते. आम्ही म्हणालो, "आबाजी, वर्षातून एक दिवस. भीमासारख्या वृकोदराने केले, तुम्हांस होत नाही?" मंडळी हसली. आबाजीही ओशाळून हसले, बाटली परत दिली आणि उठले.

आता पाहा, आम्ही काही अडाणी नव्हतो. पाठशाळेत महाभारत वाचलेले. उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्रास सांगतो की, आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, आणि त्या आठांत पहिले नाव पाण्याचे आहे, शेवटचे औषधाचे. निर्जळेचा नियम त्याहून कडक हे खरे. पण वृद्धास आणि आजाऱ्यास व्रतात सवलत आहे, हे धर्मशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते. शिवाय त्याच तिथीस जलकुंभाचे दान सांगितले आहे. ज्या दिवशी आपण प्यावयाचे नाही, त्या दिवशी दुसऱ्यास पाजावयाचे, असे ते व्रत आहे. आणि नाथबाबांचे आख्यान? काशीहून रामेश्वरास नेण्याची कावड तापल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी त्यांनी रिती केली. हे आख्यान लावून आम्ही किती गावांत श्रोत्यांच्या डोळ्यांतून पाणी काढले असेल! दगडावर बसलेल्या माणसापुढे त्यातले एक अक्षर आठवले नाही. आठवला फक्त भीम, कारण भीमाचा दाखला दिला की आपण कठोर व्रतस्थ दिसतो.

माथ्यावर दर्शन, भजन झाले. उतरताना साडेअकरा झाले असतील. आबाजींची पावले वाकडी पडू लागली. मग ते भलतेच बोलू लागले, मेलेल्या भावाला हाका मारू लागले. आम्ही हात धरला तर कातडी कोरडी आणि चटका बसावा अशी. घामाचा टिपूस नाही. देहाला थंड ठेवण्याचे साधन म्हणजे घाम. आतले पाणी आटले की ते साधन मोडते आणि ताप थेट मेंदूवर जातो, हे आम्हांस पुढे डॉक्टरांनी समजावले. त्या वेळी एवढेच दिसले की आबाजी गुडघ्यांवर खचले आणि डोळे फिरवले. बाटलीतले पाणी केव्हाच गरम झालेले. कोणी ते त्यांच्या तोंडात ओतू लागला.

तेवढ्यात खालच्या नाल्यातून ओरड आली, "ओतू नोका! नरड्यात अटकते!" डोक्यावरची सरपणाची मोळी टाकून एक म्हातारी वर येत होती. तिने चौघांना पाय-डोके धरायला लावले आणि आबाजींना नाल्यात उतरवले. तेथे अर्जुनाची आणि जांभळाची झाडे हिरवीगार उभी होती. वर सारा डोंगर उघडा, आणि खाली, जेथे मुळ्या ओलीपर्यंत पोचतात, तेथे गर्द सावली! आम्ही वर चढलो होतो, सावली खाली होती. नाल्याच्या वाळूत तिने हाताने उकरलेला झिरा होता, वीतभर पाण्याचा. तिने आपले फडके त्यात बुडवून आबाजींच्या मानेवर, काखेत, छातीवर ठेवले. पुन्हा बुडवले, पुन्हा ठेवले. आम्हांला म्हणाली, "पाहता काय महाराज, वारा घाला ना." आम्ही खांद्यावरचे उपरणे काढून वारा घालू लागलो.

बऱ्याच वेळाने आबाजींनी डोळे उघडले, तेव्हा तिने ओंजळीने थेंब थेंब पाजले. मग आमच्याकडे पाहून पुसले, "बुढ्याले सकाऊनच कावून नाही पाजलं?"

एकादशी आहे, असे आम्ही म्हणालो.

"मंग?" ती म्हणाली.

आम्हांस उत्तर सुचले नाही. तिने मोळी उचलली. जाताना झिऱ्याभोवतीची वाळू पायाने नीट करून गेली, रात्री जनावरांना पिता यावे म्हणून.

आबाजींना सरकारी दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावले. ते वाचले. आम्ही भेटावयास गेलो आणि पायांवर हात ठेवला, तर त्यांनीच आमचे हात धरले आणि म्हणाले, "चूक माझीच, महाराज. मी जास्त मागून पाहायला पाहिजे होतं." या वाक्याने आम्हांस जे भाजले, ते नवतप्याने भाजले नव्हते.

आर्वीकडून वर्धा नदी ओलांडली की कौंडण्यपूर, रुक्मिणीमातेचे माहेर. तेथून पंढरीस पालखी जाते. पहिला पाऊस यावयाचा असतो, झळा वाहात असतात आणि म्हातारी माणसे अनवाणी चालतात. २०१६ पासून आम्ही जमेल तेव्हा त्या वाटेवर एक दिवस रांजण भरून उभे राहतो. कोणाची एकादशी, कोणाचा सोमवार, ते पुसत नाही. निर्जळेच्या कीर्तनात पूर्वरंगाआधीच सांगतो की, ज्याला तहान लागेल त्याने उठून जाऊन पाणी प्यावे, कीर्तन थांबणार नाही. एक-दोन जुन्या मंडळींना हे रुचत नाही. त्यांच्याशी वाद घालण्याएवढे तोंड आम्हांस राहिलेले नाही.

ती म्हातारी पुन्हा भेटली नाही. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पहाटेच त्या नाल्यापाशी गेलो होतो, तिच्यासाठी लुगडे घेऊन. झिरा होता, कोणीतरी नुकताच उकरलेला. काठावर हरणांच्या खुरांचे ठसे होते. आम्ही लुगडे तसेच परत आणले आणि आबाजींच्या सुनेला दिले.