जादा पात्र, जादा सायकल



बेलव्ह्यूमधल्या आपल्या कित्येक गॅरेजांत आज तीन-चार सायकली दिसतात. ५२०च्या पुलावरून सिॲटलला ऑफिसला जायला एक, डुथी हिलच्या रानवाटांसाठी जाड टायरची दुसरी, पावसाच्या महिन्यांसाठी मडगार्डवाली तिसरी. प्रत्येकीचे काम वेगळे, हे मान्य. तथागतांनीही भिक्खूंना तीन चीवरांची अनुमती दिली. पात्र मात्र एकच!

विनयपिटकात याची कथा आहे. छब्बग्गिय भिक्खूंनी पात्रांचा साठा केला. लोक म्हणू लागले, ‘हे श्रमण भांड्यांचे दुकान थाटणार की काय?’ म्हणून जादा पात्र ठेवण्यास मनाई झाली. पुढे आनंदांना एक जादा पात्र मिळाले. त्यांना ते सारिपुत्तांना द्यायचे होते. पण सारिपुत्त साकेतला होते आणि नवव्या-दहाव्या दिवशी परतणार होते. तेव्हा तथागतांनी नियम सैल केला : जादा पात्र दहा दिवस ठेवता येईल.

लक्षात घ्या, ही सवलत देण्यासाठी मिळाली.

आपण गृहस्थ आहोत. हा नियम आपल्याला बांधत नाही, पण कसोटी म्हणून उपयोगी आहे. वर्षभर बाहेर न पडलेल्या सायकलीपुढे उभे राहा आणि स्वतःला विचारा, ‘ही चालवायला ठेवली आहे, की नुसती ‘माझी’ म्हणायला?’ तण्हा तिथेच सापडेल. मग चाकांत हवा भरा, ब्रेक तपासा आणि नव्याने आलेल्या, गाडी नसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला ती देऊन टाका.

मुदत दहा दिवसांची.

नमो बुद्धाय, जयभीम!